हिरव्या पुठ्ठ्यातला तक्ता

१

सोमवारी सकाळी साडेनऊला वेंडल ओक्स एका मेलेल्या माणसाचा फोटो शोधायला बसला, आणि दहाच्या सुमाराला त्याच्या हाती एका जिवंत बाईची अब्रू लागली.

मेलेला माणूस म्हणजे डॉ. लॅकलन ड्रमंड, ओटावातल्या केंट स्ट्रीटवरच्या अर्थशास्त्र संस्थेचा जुना, लाडका संशोधक. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच्या बायकोने, मॉर्नाने, गेल्या ऑक्टोबरात त्याच्या कागदांची एक पेटी संस्थेला दिली होती. वेंडल संस्थेच्या पुस्तकांचा संपादक. वार्षिक अंकासाठी त्याला लॅकलनचा फोटो हवा होता म्हणून त्याने पेटी उघडली. फोटो मिळाला नाही. तळाशी हिरव्या पुठ्ठ्यात बांधलेलं चाळीस पानांचं बाड मिळालं. वर लॅकलनचं नाव, तारीख मार्च २०११, आणि मथळा : 'कॅनडा आणि नॉर्वे, साठ वर्षांची सकल राष्ट्रीय बचत'.

वेंडलने दोन पानं वाचली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. याच विषयावरचं, जवळपास याच वाक्यांचं पुस्तक मे महिन्यात बाहेर यायचं होतं आणि त्याची प्रुफं वेंडलच्याच टेबलावर पडली होती. त्यांवर नाव होतं डार्लीन हावरिलुकचं. अकरा वर्षं खपून तिने ते पुस्तक उभं केलं, असं सोमवारी सकाळपर्यंत सगळेच धरून चालले होते.

विषय ऐकून जांभई येईल, पण तो अवघड नाही. देशाने वर्षभरात मिळवलं किती आणि खाऊन-पिऊन, सरकार चालवून उरवलं किती, याला सकल राष्ट्रीय बचत म्हणतात. कॅनडा आणि नॉर्वे, दोघांकडे थंडी भरपूर आणि तेलही भरपूर. नॉर्वेने तेल विकून पैसा बाजूला टाकला, कॅनडाने बराचसा वापरून टाकला. हा फरक सालोसाल कसा वाढत गेला ते डार्लीनने दाखवलं होतं. त्यासाठी जुने, तुटके आकडे एकमेकांना जोडण्याची एक रीत तिने स्वतः बसवली होती. ती रीत हिरव्या पुठ्ठ्यात अठराव्या पानावर जशीच्या तशी होती.

दुपारपर्यंत संचालक जेरार फोर्तिये यांनी डार्लीनला घरी पाठवलं. गुरुवारी तीन वाजता विश्वस्तांची बैठक ठरली. मंगळवारी सकाळी त्यांनी हेस्टर मॅकआयझॅकला फोन केला.

२

हेस्टर आली ती गोठलेल्या कालव्यावरून, स्केट खांद्याला अडकवून. वय एकाहत्तर, गाव केप ब्रेटन बेटावरचं, आणि चौतीस वर्षं तिने देशाच्या जमाखर्चाचे आकडे जुळवण्यात घालवली होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी कॅनडाचा एखादा जुना आकडा अडला की लोक तिलाच विचारत, आणि तिला त्याचा गर्व होता. तो ती लपवायचीही नाही.

"हेस्टर, मला तपास नकोय," जेरार म्हणाले. "बाड समोर आहे. चोरी झाली, एवढं लिहून द्या."

"चोरी झाली हे तुम्हीच ठरवलंत, मग मी कशाला हवी? नुसती सही करायला पोस्टमनही चालेल."

जेरार ओशाळले. "तसं नव्हे हो. पण लॅकलन काही आता उठून बोलणार नाही. आणि ही डार्लीन इथे आली ती आकडे भरणारी कारकून म्हणून. डॉक्टरेट नाही, काही नाही. उद्या लोक आम्हालाच हसतील. बिचाऱ्या रेमीने तर सांगून टाकलंय, सरांचं पुस्तक असेल तर संपादन मी करीन, एक डॉलरही नको."

"मोठ्या मनाचा झालाय की."

"तुमचाच चेला ना तो!"

तेही खरंच होतं. उपसंचालक रेमी थिबो पंचवीस वर्षांचा असताना दोन वर्षं हेस्टरच्या हाताखाली उमेदवारी करून गेला होता.

हेस्टर गेली तेव्हा डार्लीन व्हॅनिएर वस्तीतल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत पेरोगीचं, म्हणजे उकडून खायच्या करंज्यांचं, पीठ मळत होती. टेबलावर शंभरेक पेरोगी आधीच रांगेने मांडलेल्या होत्या.

"एवढ्या कोण खाणार गं?" हेस्टरने विचारलं.

"कुणी नाही. हात रिकामे राहिले की थरथरतात." डार्लीनने पिठाचा गोळा आपटला. "नवरा नाही, पोर नाही, घर दुसऱ्याचं. माझं म्हणावं असं ते एकच पुस्तक होतं, हेस्टर. गुरुवारी त्यावरचं नावही खरवडून काढतील, आणि वर चोर म्हणतील ते वेगळंच."

"लॅकलनचं बाड तू आधी पाहिलं होतंस?"

"काल पाहिलं. जेरारने माझ्यापुढे टाकलं तेव्हा."

"तो या विषयावर बोलायचा का कधी?"

"बोलायचा की! बोलण्यात त्याचा हात कोण धरणार? कॅनडा-नॉर्वेवर पुस्तक लिहिणार, लिहिणार, असं तीस वर्षं म्हणत होता. शेवटी मीच विचारलं, तुम्ही लिहिताय की मी लिहू? तर म्हणाला, लिही बाई, सुटलो एकदाचा."

"हे लिहून दिलेलं आहे?"

"नाही ना! चहा पिता पिता म्हणालेला. आणि माझ्या वह्या दाखवाव्यात तर म्हणतील, बाडावरूनच उतरवून घेतल्या."

"पुस्तक छापायच्या आधी कुणी कुणी वाचलं?"

"तिघांनी. वेंडलने, रेमीने, आणि मॉर्नाला एक प्रत दिली होती. मान म्हणून."

हेस्टरने त्या तिघांची नावं मनात घोळवली. पेटी मॉर्नाच्या घरात होती, रेमीने ती आपल्या गाडीतून आणली, आणि संस्थेत ती वेंडलच्या कुलूपबंद कपाटात राहिली. चौथ्या माणसाचा हात तिला लागलाच नव्हता.

"गुरुवारी तीन वाजता नीट केस विंचरून ये," ती उठत म्हणाली. "तोंड पाडून आलीस तर बघ."

३

मॉर्ना ड्रमंडने चहा दिला, लोण्याची बिस्किटं दिली, आणि बाड छातीशी धरून बसली. तिला जेरारनी एक नक्कल दिली होती.

"मला ठाऊक होतं, तो लिहीत असणार," ती म्हणाली. "सगळे हसायचे त्याला. पार्टीत म्हणायचे, काय लॅकलन, पुस्तक कुठवर आलं? मी खाली मान घालून बसायचे. आणि बघ, लिहिलं होतं त्याने. मला एका शब्दाने बोलला नाही."

"पेटीत काय काय होतं ते तू पाहिलं होतंस, मॉर्ना?"

"नाही गं. त्याच्या अक्षराकडे बघवत नाही मला अजून. रेमी आला, पेटी बांधली, घेऊन गेला. गुणी आहे पोरगा."

"डार्लीनने तुला तिची प्रत दिली होती ना? तिच्या आणि या बाडाच्या आकड्यांत थोडा थोडा फरक आहे. तो दिसला का?"

मॉर्ना गोंधळली. "फरक कसा असेल? १९८५ साली देशाने जे उरवलं ते उरवलं. चाळीस वर्षांनी ते कमी-जास्त कसं होईल? मग दोघांपैकी एकाचं चुकलं असेल. डार्लीनचंच."

 हेस्टरने आणखी एक बिस्किट घेतलं.

वेंडल ओक्सची गाठ त्याच्या खोलीत पडली. साठीचा, किरकिरा, बोटांवर शाई. डार्लीनशी त्याचा उभा दावा, हे साऱ्या इमारतीला माहीत होतं.

"माझं नि तिचं पटत नाही, लिहून घ्या," तो म्हणाला. "प्रुफं सात वेळा परत पाठवलीत त्या बाईने. सात! गेल्या वर्षी तर कहर झाला. सगळं जुळवून झालं, छपाईला जाणार, आणि नॉर्वेवाल्यांनी आपले मागचे सगळे आकडे फिरवले. पार जुन्या सालांपासून. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे. ही म्हणते, सगळे तक्ते नव्याने लावा. तीन आठवडे माझी रात्रीची झोप गेली."

"म्हणजे पुस्तक बुडालं तर तू सुटलास."

"बुडालं तर मी सगळ्यात आधी छपाईवाल्याच्या शिव्या खाईन. पैसे आगाऊ दिलेत." त्याने चष्मा काढून पुसला. "आणि एक सांगू? चोरी करणारी बाई सात वेळा प्रुफं परत पाठवत नाही. पण बाड मलाच सापडलं ना. मी आता काय बोलू?"

रेमी थिबोने मात्र हेस्टरला मिठीच मारली. चव्वेचाळीस वर्षांचा, देखणा, परिषदांमध्ये टाळ्या घेणारा. गेली काही वर्षं कॅनडा-नॉर्वेच्या तुलनेवर देशभर भाषणं तोच देत होता, डार्लीनचे तक्ते पडद्यावर दाखवून.

"तुम्ही आलात, बरं झालं. मला डार्लीनबद्दल फार वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण सरांचं ऋण आधी. त्यांचा शेवटचा विद्यार्थी मी."

"तूही या तक्त्यांवर काम केलंस का?"

"मी कशाला? तो कारकुनी किचकटपणा तिचा. नॉर्वेचं तरी बरं असतं, एक बटण दाबलं की सगळी सालं समोर. खरा छळ आपल्याच आकड्यांचा. दर नोव्हेंबरला मागचं बदलतं." तो हसला. "आणि तुम्ही आता काय करणार ते मला ठाऊक आहे. तळघरातलं जुनं छापील पुस्तक काढून बाडाशी ताडून बघणार. अवश्य बघा. तुम्हीच शिकवलंत ते मला."

हेस्टरला बरं वाटलं. शिकवलेलं लक्षात ठेवणारा माणूस विरळा, असं तिच्या मनात आलं, आणि ती तळघराची किल्ली घेऊन निघाली.

४

बुधवारची सकाळ तिने तळघरात काढली.

मॉर्नाला जे कळलं नव्हतं ते शंभरात नव्याण्णव माणसांना कळत नाही. गेलेलं साल गेलं, त्याचा आकडा कायमचा, असं आपण समजतो. पण देशाचा हिशेब मांडणारी माणसं वर्षानुवर्षं जुन्या सालांकडे परत जातात. नवी माहिती येते, मोजण्याचे नियम बदलतात, आणि त्याप्रमाणे सगळा इतिहास पुन्हा मांडावा लागतो. २०१२ साली कॅनडाने असा मोठा बदल केला. संशोधनावर घातलेला पैसा तोवर खर्चात जायचा. तो आता गुंतवणुकीत धरायचा ठरला, आणि मागची तीसेक वर्षं एका झटक्यात जास्त बचतीची दिसू लागली. ते काम करणाऱ्यांत हेस्टर स्वतः होती.

संगणकावर आज उघडाल तर बदललेला इतिहासच दिसतो. जुना फक्त छापील पुस्तकांत उरला आहे. म्हणून तिचा बेत सरळ होता. बाड खरोखर २०११ सालचं असेल तर त्यात जुने आकडे हवेत. कुणी हल्ली रचलं असेल तर त्यात नवे आकडे असणार, आणि बिंग तिथल्या तिथे फुटणार. रचणारा असा फसतोच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

तिने २०१० चं पुस्तक उघडलं, शेजारी बाड ठेवलं, आणि कॅनडाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

१९८५. जुळलं. जुन्या आकड्याशी जुळलं.

१९९३. जुळलं. २००४. जुळलं. १९८१ पासून २००९ पर्यंत तिने एक एक साल तपासलं. दशांश चिन्हाच्या पुढचा आकडासुद्धा जुन्या पुस्तकाबरहुकूम होता.

हेस्टर त्या लाकडी स्टुलावर बराच वेळ बसून राहिली. बाड २०१२ च्या आधीचं दिसत होतं. याचा अर्थ लॅकलनने ते खरंच लिहिलं होतं, आणि सात वेळा प्रुफं परत पाठवणारी, शंभर पेरोगी वळून हात शांत करणारी ती बाई चोर होती.

दुपारी जेरार जिन्यात भेटले. "काय म्हणतोय जुना ग्रंथ?"

"बाडाच्या बाजूने बोलतोय," हेस्टर म्हणाली. खोटं बोलणं तिला जमायचं नाही.

"मग लिहून टाका ना आजच."

"उद्या तीनला म्हणालात. तीनलाच देईन," ती तुटकपणे म्हणाली आणि कोट घालून बाहेर पडली.

५

गुरुवारी सकाळी सातला ती कालव्यावर उतरली. रात्रभर पाणी फवारून बर्फ गुळगुळीत केलेला होता. कचेरीत निघालेली माणसं पाठीला पिशव्या लावून सरसर पुढे जात होती, आणि हेस्टर त्यांच्या वाटेत रेंगाळत होती. तिचं मन कालच्या स्टुलावरून उठायला तयार नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. बाड खरं असेल तर लॅकलनने चाळीस पानं लिहून कुणालाच दाखवली नाहीत. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सुटलं तरी चार जणांना फोन करणारा लॅकलन! आणि मग कारकून बाईला म्हणाला, लिही बाई, सुटलो?

तिने परवाची सगळी बोलणी पुन्हा आठवली. मॉर्नाचं झालं, रेमीचं झालं. वेंडलची किरकिर आठवताना ती इतकी एकदम थांबली, की मागचा माणूस तिच्यावर आदळता आदळता वाचला.

"आजी, रस्ता आहे हा!" तो ओरडला.

"आणि मी गाढव आहे!" हेस्टर त्याच्यावर ओरडली.

दोन देशांची तुलना, आणि तिने तपासला एकच देश! चौतीस वर्षं कॅनडाचा भूतकाळ झाडण्यापुसण्यात गेली. आपल्या घरात धूळ साचते तशी शेजाऱ्याच्याही साचते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कालव्याकाठच्या बाकावर बसून, स्केट न काढताच तिने नॉर्वेला फोन लावला. तिकडे दुपारचा एक वाजून गेला होता. टोर्डिस नावाची तिची जुनी मैत्रीण तिथल्या आकडेखात्याच्या दप्तरखान्यात अजून काम करत होती.

"हेस्टर! मेलीस की काय असं वाटलं होतं मला. दोन नाताळ पत्र नाही."

"मेल्यावर पहिलं तुलाच कळवीन. टोर्डिस, तुमचं २०१० चं छापील पुस्तक आहे का हाताशी? जुनी सालं वाच. १९८५ पासून."

पलीकडे पानं फडफडली. टोर्डिस आकडे वाचत गेली, आणि हेस्टर मांडीवर घेतलेल्या बाडाच्या नकलेत बोट फिरवत गेली. १९८५ चुकलं. १९९३ चुकलं. २००४ तर चांगलं दीड टक्क्याने चुकलं.

"आता संगणक उघड आणि तीच सालं आजची वाच."

टोर्डिसने वाचली. या वेळी प्रत्येक आकडा जुळला.

"हे आकडे कधीपासून असे आहेत गं?" हेस्टरने विचारलं.

"गेल्या ऑगस्टपासून. आम्ही सगळं पुन्हा मांडलं ना. त्याआधी हे आकडे जगात कुठेच नव्हते. का गं? कुणाचा जीव अडकलाय?"

"एका बाईचं नाव अडकलंय," हेस्टर म्हणाली. "हे सगळं शिक्का मारून मला दोनच्या आत पाठव. आणि जेव आता."

"मी साडेअकरालाच जेवते. तू विसरलीस," टोर्डिस म्हणाली.

६

तीन वाजता लांब टेबलाभोवती पाच विश्वस्त बसले होते. एका टोकाला जेरार, दुसऱ्या टोकाला डार्लीन. केस नीट विंचरलेले होते. मॉर्ना, वेंडल आणि रेमी भिंतीकडच्या खुर्च्यांवर होते.

"अहवाल देण्याआधी मी तिघांना एकच प्रश्न विचारणार आहे," हेस्टर म्हणाली. "नॉर्वेने आपले जुने आकडे शेवटचे कधी बदलले? मॉर्ना?"

"जुने आकडे बदलतात?" मॉर्ना म्हणाली.

"वेंडल?"

"गेल्या ऑगस्टात! माझे तीन आठवडे गेले, सांगितलं ना तुम्हाला. विसरेन होय?"

"रेमी?"

रेमी प्रसन्न हसला. "नॉर्वेचे? ते कशाला बदलतील? बदलायची हौस आपल्या लोकांना."

"झालं," हेस्टर म्हणाली आणि बसली. "बाड खोटं आहे, आणि ते रेमीने रचलंय."

खोलीत एकदम गलका उठला. जेरार म्हणाले, "हेस्टर, काल तर तुम्ही..." आणि रेमी म्हणाला, "बाईंचं वय झालंय." हेस्टरने हात वर केला.

"काल मी निम्मंच तपासलं होतं. बाडातला कॅनडाचा रकाना २०१० च्या पुस्तकातून अगदी मन लावून उतरवलाय. पण नॉर्वेच्या रकान्यात जे आकडे आहेत ते गेल्या ऑगस्टात जन्माला आलेत. हा नॉर्वेहून आलेला कागद. लॅकलन जाऊन नऊ वर्षं झाली. मेल्यावर तो इतका उद्योगी झाला असेल, तर त्याचे जिवंतपणी वाया गेलेले दिवस कोण भरून देणार?"

एका विश्वस्ताला हसू आलं, आणि त्याने ते खोकल्यात लपवलं.

"आता कोणी रचलं? पेटीला तिघांचेच हात लागले. मॉर्नाने रचलं असतं तर तिने दोन्ही देशांचे आजचेच आकडे घेतले असते, कारण जुने वेगळे असतात हेच तिच्या गावी नाही. वेंडलने रचलं असतं तर दोन्ही देशांचे जुने शोधून काढले असते, कारण नॉर्वेच्या बदलाने त्याची झोप उडवली होती. बाड रचणाऱ्याला निम्मं ठाऊक होतं. आपला भूतकाळ बदलतो हे माहीत, दुसऱ्याचाही बदलतो हे माहीत नाही. तसा माणूस या तिघांत एकच. त्याने आत्ता तुमच्या देखत सांगितलं."

"यात पुरावा कुठला?" रेमी उठून उभा राहिला. "ही नुसती बुद्धिबळाची चाल झाली."

"तळघराच्या किल्लीची नोंदवही आहे," वेंडल कोपऱ्यातून शांतपणे म्हणाला. "ती माझ्याकडे असते. गेल्या सप्टेंबरात, पेटी यायच्या आधी, तू तीन वेळा खाली गेला होतास. मला वाटलं, याला अचानक अभ्यासाची उबळ कशी आली."

रेमी परत खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला बराच वेळ लागला.

"सात वर्षं मी तिच्या आकड्यांवर भाषणं दिली," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "लोक मला ओळखतात त्या तक्त्यांमुळे. आणि पुस्तकात माझं नाव कुठे? शेवटच्या पानावर, आभारात. वेंडलच्या नावानंतर. सरांचं पुस्तक निघालं असतं, तर संपादक म्हणून मुखपृष्ठावर आलो असतो. सर असते तर नाही म्हणाले नसते."

"माझ्या नवऱ्याच्या नावाने हे केलंस तू?" मॉर्ना उठली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तीन दिवस मी शेजारणींना सांगत होते, लॅकलनचं पुस्तक सापडलं. तीन दिवस!"

 डार्लीन उठली आणि मॉर्नाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. 

रेमी दारापाशी आला तेव्हा हेस्टरने त्याला अडवलं. रागावर तिने ताबा ठेवला होता, पण दुःख तिला लपवता येईना.

"जुन्या सालाचं जुनं पुस्तक उघडावं, हे मीच तुला शिकवलं," ती म्हणाली. "शिकवायला हवं होतं ते पुढचं राहूनच गेलं. ते आज सकाळपर्यंत मलाही कुठे येत होतं!"

"माझं काय होणार आता?"

"ते हे ठरवतील. मी फक्त आकडे वाचते."

७

विश्वस्तांना निर्णय घ्यायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. रेमीने राजीनामा द्यायचा, पुस्तक मेमध्ये ठरल्याप्रमाणे निघणार, आणि मुखपृष्ठावर एकच नाव. जेरारनी डार्लीनची माफी मागितली, आधी इंग्रजीत, मग ती कमी पडली असं वाटून फ्रेंचमध्ये. वेंडलने तिला सांगितलं की आता आठव्यांदा प्रुफं परत पाठवलीस तर मी कॅनडा सोडून जाईन.

"तेविसाव्या पानावर एक चूक राहिलीय," डार्लीन म्हणाली.

वेंडल कपाळाला हात लावून निघून गेला.

कोट घालायला हेस्टर कॉरिडॉरमध्ये आली तेव्हा डार्लीन खिडकीपाशी फोनवर होती. पलीकडे सॅस्कॅचवानमधली तिची शहाऐंशी वर्षांची आई. म्हातारीला कमी ऐकू येत असल्याने दोघी इतक्या मोठ्याने बोलत होत्या की सगळ्या मजल्याला ऐकू जावं.

"आई, पुस्तकावर माझंच नाव राहिलं!"

"मग दुसऱ्या कुणाचं असणार होतं?"

"अगं, लोक म्हणत होते मी ते चोरलं. एका डॉक्टरचं."

म्हातारीचा आवाज चढला.

"कोण लोक?"

"इथलेच. सोमवारपासून चाललं होतं. तुला मुद्दाम सांगितलं नाही. आता ठरलं, मी चोरलं नाही म्हणून. त्यासाठी तळघरातून जुनी पुस्तकं काढली, नॉर्वेहून कागद मागवले, पाच माणसांची बैठक बसली."

"एवढा उपद्व्याप?" म्हातारी म्हणाली. "मला विचारायचं ना. मी सोमवारीच सांगितलं असतं."

 चार दिवस डार्लीनने पीठ मळलं होतं, केस विंचरले होते, टेबलाच्या टोकाला ताठ बसून सगळं ऐकलं होतं. आता तिने फोन कानाला तसाच धरून कपाळ खिडकीच्या काचेला टेकलं आणि ती रडायला लागली.

"डार्लीन? ए पोरी, ऐकू येतंय का?" पलीकडून म्हातारी ओरडत होती.